खडूची फुली आणि लेव्हल चार

फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाच्या चपलेत वाळू सापडतेच. घरी जाऊन झटका, धुवा, उन्हात टाका, दुसऱ्या दिवशी अंगठ्याखाली दोन कण असतात. आमच्या सेंटरमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार वाजता चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीय का?" आणि झालं! पाच वाजेपर्यंत कुणी उठत नाही.

आमचं सेंटर म्हणजे कोल्हापुरात एमआयडीसीच्या रस्त्याला एका टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. फौंड्रीतल्या कामगारांचं कसब तपासायचं आणि त्याचं सर्टिफिकेट द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी देशभराचा एक आराखडा असतो. कुठलं काम कितव्या पायरीचं, ते करणाऱ्याला काय काय आलं पाहिजे, हे त्यात लिहिलेलं असतं. पायरीला सगळे लेव्हल म्हणतात. आता एआय आल्यामुळे हा आराखडा बदलायला घेतलाय, आणि नवे कोर्स पक्के करण्याआधी ते आमच्यासारख्या सेंटरवर करून बघतात. थोडक्यात, पहिली पोळी आमच्या तव्यावर!

आम्ही तिघं. देसाई सर प्रमुख, मूळचे आजऱ्याचे, आयटीआयचे प्राचार्य म्हणून रिटायर झालेले. इम्रान मुजावर कॉम्प्युटर शिकवतो. आणि मी, मगदूम मॅडम. अठरा वर्षं एका फौंड्रीच्या लॅबमध्ये काढून इकडे आले. मी हट्टी आहे, हे माझी आई, माझा नवरा आणि एमआयडीसीतले निम्मे मॅनेजर तुम्हाला न विचारता सांगतील.

यंदाचे किस्से मात्र सगळे एकाच बाईभोवती जमले. सुशीलाक्का. कागलहून एसटीनं येते. मी होते त्याच फौंड्रीत बावीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलाशी उभी आहे. हातात एक छोटी हातोडी. साच्यातून निघालेला लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग, समोर आला की ती त्यावर टकटक करते, डोळे मिटून ऐकते, आणि आत पोकळी असली तर खडूनं फुली मारते. यंदा कंपनीनं एआयवाला कॅमेरा आणला. मॅनेजर जाधवांनी सांगून टाकलं, दसऱ्यानंतर त्या टेबलाशी नव्या कोर्सचं लेव्हल चारचं सर्टिफिकेट असलेलाच माणूस उभा राहील. नसेल त्यानं फेटलिंगला जायचं. फेटलिंग म्हणजे कास्टिंगचे कंगोरे ग्राइंडरनं घासायचा विभाग. दिवसभर धूळ. अक्कानं नोकरीची पहिली पाच वर्षं तिथंच काढलीत, आणि तिचा खोकला तेव्हापासूनचा आहे.

पहिल्या दिवशी ती सेंटरमध्ये आली आणि खुर्चीवर न बसताच म्हणाली, "बाई, मी सातवी शिकलोय. पर त्या धुळीत परत जायाचा न्हाई. काय करायचं ते सांगा, करतो."

मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला लेव्हल चार मिळाल्याशिवाय मी यंदा दसऱ्याचं सोनं वाटणार नाही."

देसाई सर चष्म्यावरून बघत राहिले. बोलून बसले होते मी!

*

पण एकदम अक्कावर गेले तर बापू खोत रुसेल.

बापू अक्काच्याच कंपनीत भट्टीवर असतो. तीस वर्षं वितळलेलं लोखंड ओततोय. त्यालाही सर्टिफिकेट हवं होतं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'पूर्वानुभवाचा पुरावा'. बापूनं सहा कंपन्या बदलल्या, त्यातल्या तीन बंद पडल्या. कागद एकही नाही.

सरांनी विचारलं, "बापू, पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

बापूनं शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग.

"ह्यो पयल्या कंपनीतला. ह्यो दुसऱ्या. अन् ह्यो मोठा हाय न्हवं, ह्यो दिवाळीच्या आदल्या दिवशीचा. बोनस झालता, लक्ष न्हवतं."

सरांनी सगळं क्रमवार लिहून घेतलं. इम्राननं हाताचा फोटो काढून सिस्टिमवर चढवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'दस्तऐवज अस्पष्ट. मूळ प्रत सादर करावी.'

बापू लगेच तयार! "कुठं यायचं तेवढं सांगा. मूळ प्रत घिऊनच येतो."

*

नव्या कोर्सचा पहिला धडा 'एआयची ओळख'. इम्राननं मोठ्या हौसेनं स्क्रीन लावला, मोबाइल जोडला आणि वर्गाला म्हणाला, "काय पण विचारा. मराठीत विचारा. सगळं सांगतंय हे."

मागच्या बाकावरून कुणीतरी कुस्तीचं विचारलं, कुणी उसाच्या दराचं. शेवटी इम्राननं मोबाइल बापूपुढे धरला. बापूनं घसा खाकरला आणि गावच्या पाहुण्याशी बोलावं तसा मोठ्यानं बोलला, "पावणं, भट्टीतलं लोखंड वतायला झालंय का न्हाई, कसं वळखायचं?"

स्क्रीनवर उत्तर धो धो सुरू झालं. तापमान, रंग, मळी, कार्बन, सगळं. मी लॅबवाली, मला खोट काढता येईना. बापूही मान हलवत वाचत होता. मध्येच म्हणाला, "बरं लिवलंय की!"

शेवटची ओळ आली: 'हे काम धोकादायक आहे. कृपया भट्टीवरच्या अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा.'

बापूनं इम्रानकडे बघितलं. "म्हंजे फिरून मलाच इचारतंय की ह्ये!"

*

कोर्स करून बघायचा म्हणजे बाहेरून परीक्षक येणार. आमच्याकडे पुण्याहून आपटे साहेब आले. माणूस सज्जन, हळू बोलणारा, छातीशी कायम एक पॅड धरलेला. त्या पॅडवर टिकमार्कची लांब यादी.

पहिली तपासणी बापूची, प्रत्यक्ष भट्टीवर. यादीत दहा गुण संवादकौशल्याला होते. 'उमेदवार सहकाऱ्यांशी सौजन्यपूर्ण भाषेत संवाद साधतो.' यंत्रं आली की माणसांना बोलायचं काम जास्त पडणार, म्हणून हे नव्यानं घातलेलं. कल्पना चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण इथं वरून क्रेनला टांगलेली, वितळलेल्या लोखंडाची बादली झुलत येते!

क्रेन सुटली. समोर एक हेल्पर रेंगाळला होता. बापू ओरडला, "आरं ए मुडद्या, सरक की मागं!"

साहेबांनी खेदानं मान हलवली आणि दहापैकी शून्य लिहिलं. देसाई सर वाद घालायला पुढे झाले, तर बापूनंच अडवलं. "ऱ्हाऊ द्या सर. म्या सुधारतो."

दुसरी बादली निघाली. या वेळी वाटेत खुद्द आपटे साहेब, पॅडमध्ये मान घालून. बापू हात जोडून म्हणाला, "सायेब, आपणास इनंती हाय, कृपया आपण जरासं..."

साहेबांनी "हं?" म्हणत मानही वर केली नाही.

"सरक मुडद्या!!"

साहेबांनी जी उडी मारली, ती त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती. बादली गेली. धूर बसला. साहेबांनी पॅड उचललं, शून्याच्या आधी एक काढला आणि म्हणाले, "संवाद पोचला."

*

आता अक्का.

कॅमेरा बसवला तेव्हा कंपनीच्या मालाचे हजारो फोटो काढून यंत्राला शिकवलं होतं, चांगलं कुठलं आणि टाकाऊ कुठलं. मग महिनाभर चाचणी. बाकी कामात खोळंबा नको म्हणून रांग होती तशीच ठेवली. माल आधी अक्काच्या टेबलावर यायचा. ती टकटक करायची, ऐकायची, खराब असेल त्यावर फुली, आणि पुढे ढकलायची. पुढे कॅमेरा. पास असेल तर हिरवा दिवा, नापास असेल तर लाल.

महिन्यानं जाधवांनी मला मुद्दाम बोलावून तक्ता दाखवला. "मॅडम, बघा! अक्कानं टाकलेला एकूण एक भाग यंत्रानं टाकलाय. पास केलेला एकूण एक पास केलाय. तंतोतंत! मग सांगा, दोघं कशाला पाहिजेत?"

माझे कान तापले. राग आला की माझं असंच होतं, आधी कान तापतात आणि शब्द मागून येतात. अक्का शेजारीच उभी होती. तिनं तक्ता उलटसुलट बघितला.

"चोवीस वर्सं झाली लग्नाला. नवऱ्याचं अन् माझं म्हैन्यातनं एकदा जुळंना. अन् ह्येचं रोज जुळतंय? जाधवसायेब, ह्ये यंत्र कायतरी लपवतंय बगा!"

सगळे हसले. मीपण हसले. तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढची यातायात वाचली असती.

*

आराखड्याची चर्चा करायला पुण्याला बैठक होती. देसाई सरांचं गुडघ्याचं दुखणं, म्हणून मी गेले. एक टाय लावलेला तरुण सल्लागार पडद्यावर यादी दाखवत होता: कुठली कौशल्यं राहणार, कुठली जाणार. 'वाजवून तपासणी' ही जाणाऱ्यांत होती. शेजारी लिहिलं होतं, कालबाह्य.

मी हात वर करून उठले. मी लॅबमध्ये होते तेव्हा एकदा सगळे रिपोर्ट चांगले म्हणून मी एक लॉट पास केला होता. अक्का म्हणाली होती, "बाई, नका पाठवू, आतनं पोकळ वाजतंय." मी पाठवला. तो अख्खा लॉट परत आला. माझ्या सहीनं गेलेला माल परत आला, तिच्या हातोडीखालून गेलेला कधीच नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं.

पोरगा नम्र होता. म्हणाला, "मॅडम, भावना कळतात. पण हे मोजता येत नाही ना."

चहा आला होता. मी त्याच्या कपावर चमच्यानं टकटक केली. मग माझ्या कपावर. "फरक ऐकू येतो? तुमच्या कपाला तडा आहे."

त्यानं कप उचलला. खाली बशीत चहाचं तळं! सगळी बैठक उठून कप बघायला आली. मी जिंकत आले होते. शेवटचा घाव म्हणून विचारलं, "तुमच्या घरी माठ घेताना वाजवून घेत नाहीत का?"

तो जरा विचार करून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे आरओ आहे."

*

तरी कपाचं काम झालंच. पुणेकरांनी कळवलं, तुमचं ते वाजवून तपासणं नव्या लेव्हल चारमध्ये घालू, पण ते मोजता येईल अशा भाषेत लिहून पाठवा.

तिघं अक्काला घेऊन बसलो. सरांच्या हातात पेन. "अक्का, खराब माल कसा ओळखता?"

"वाजवून."

"ते कळलं. पण वाजतो कसा?"

"चांगला माल बोलतोय. वंगाळ माल कण्हतोय."

इम्राननं आवाज रेकॉर्ड केले, मोबाइलवर नागमोडी रेघा काढल्या, कुठला आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं. चांगल्या मालाचा घुमतो, खराब मालाचा लवकर बसतो. हे सगळं आम्ही नीट तक्त्यात लिहिलं. पण घाईत सरांचा कच्चा कागदही सोबत गेला. त्यात होतं: 'निकष सात. उमेदवार कास्टिंगचे कण्हणे ओळखतो.'

पंधरा दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं. तक्ता मंजूर. निकष सातवर मात्र शेरा: 'कण्हणे या संज्ञेची व्याख्या द्यावी.'

सरांनी तो शेरा अक्काला वाचून दाखवला. अक्कानं पदरानं तोंड पुसलं. "त्यास्नी म्हणावं, आठ तास टेबलापाशी हुभं ऱ्हावा. सांजच्याला आपोआप कळंल."

*

मध्ये एक छोटा किस्सा सरांचा. गारगोटीच्या एका शाळेत पालकांना हे लेव्हलचं प्रकरण समजावून सांगायला ते गेले होते. पोरांनी कुठून सुरुवात करायची, कसं वर चढायचं, एआय आल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवं शिकत राहावं लागेल, सगळं रंगवून सांगितलं. सर बोलायला लागले की आजऱ्याच्या घनसाळ भातासारखा घमघमाट सुटतो, असं इम्रान म्हणतो.

शेवटी प्रश्न. एक पालक उठला. "सर, सुताराची लेव्हल सांगितलासा, गवंड्याची सांगितलासा. त्या एआयची कुठली?"

पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस, थाप कशी मारणार? खरं तेच बोलले, "ते अजून आराखड्यात नाही."

"त्येची परीक्षा कुणी घेतली न्हाई?"

"नाही."

"मग पोरांस्नीबी तसंच बिनपरीक्षेचं का सोडलं न्हाईसा?"



*

लेव्हल चारची लेखी परीक्षा ऑनलाइन. समोर कॅमेरा, उमेदवारावर लक्ष ठेवायला तिथंही एआय! अक्काची सराव परीक्षा लावली. इम्राननं हेडफोनवर प्रश्न ऐकायची सोय करून दिली होती. पहिला प्रश्न आला. अक्कानं बावीस वर्षांच्या सवयीनं डोळे मिटले.

स्क्रीन लाल. 'उमेदवार झोपला आहे. पहिली सूचना.'

दुसरा प्रश्न, दुसरी सूचना. तिसऱ्याला परीक्षाच बंद!

अक्का चिडली. "झोपताना मिटत्यात तसं ऐकतानाबी डोळं मिटत्यात. एवढं ठावं न्हाई ह्येला, अन् माझी परीक्षा घेतंय!"

मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, नियम बदलायला वेळ लागेल. दसरा तीन आठवड्यांवर. मी म्हटलं, "अक्का, ते बदलत नाहीत तर आपण बदलू. डोळे उघडे ठेवून ऐकायची सवय करा."

"करतो," अक्का म्हणाली. ती 'करतो' म्हणाली की होतंच.

रोज कागल ते कोल्हापूर एसटीत तिचा सराव सुरू झाला. समोर एकटक बघायचं, पापणी हलवायची नाही, आणि मागच्या सीटवरच्या गप्पा ऐकायच्या. आठवडाभर असं चाललं. एक दिवस कंडक्टर तिच्यापाशी आला आणि अगदी पडेल आवाजात म्हणाला, "मावशी, माझं काय चुकलं असंल तर सांगा. पर रोज असं बगू नका."

लेखी परीक्षेत अक्का पास झाली. पापणी न हलवता!

*

राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. दसऱ्याच्या चार दिवस आधी, कंपनीतच. आपटे साहेब आले, बादलीची वाट सोडून लांबून चालत. जाधव होते, आम्ही तिघं होतो. बापू पाळी संपवून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

टेबलावर दहा कास्टिंग मांडली होती, धुऊन पुसून. अक्कानं वाजवून सांगायचं, पास की नापास. मग तीच कास्टिंग कॅमेऱ्याखाली. दोन्ही निकाल पडताळून गुण. पास व्हायला दहापैकी आठ. साहेबांच्या पॅडवर छापलेलं होतं: 'आदर्श उत्तर: यंत्राचा निकाल.'

अक्कानं हातोडी उचलली. आता लेखी नव्हती, त्यामुळे डोळे निवांत मिटले. टक. टक. टक. दहाही झाली. आठ पास, चौथं आणि नववं नापास. अंगाच्या सवयीनं कनवटीच्या खडूकडे हात गेला तर साहेब म्हणाले, "खुणा नको. यंत्राला कळेल."

यंत्रानं नऊ पास केली. चौथंसुद्धा, नववंसुद्धा. सहावं तेवढं लाल.

साहेबांनी दोनदा मोजलं. "तीन चुकली. दहापैकी सात." आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "एका गुणानं गेलं."

अक्का पदर तोंडाला लावून खोकली. तो खोकला ऐकला आणि माझे कान तापले. या वेळी शब्दही लगेच आले.

"फोडा."

"काय?" जाधव म्हणाले.

"चार, सहा आणि नऊ. तिन्ही फोडा. आत बघू."

"मॅडम, चांगला माल फोडायचा? यंत्र सांगतंय..."

"यंत्राला मी विचारत नाहीये. फोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि साहेबही सही करणार नाहीत." साहेबांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं, एवढं मी बघितलं.

जाधव मॅनेजर असले तरी घण बापूकडे होता. तो कधी आणला कुणालाच कळलं नाही. एका घावात चौथं दुभंगलं. आत बोटभर पोकळी. नववं फुटलं. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं. सहावं फुटता फुटेना. चौथ्या घावाला फुटलं, आतून भरीव, चकचकीत.

जाधव हळूच म्हणाले, "पण महिनाभर तर तंतोतंत जुळत होतं."

अक्का वाकून सहाव्याचे तुकडे बघत होती. एका तुकड्याच्या कडेला पांढरा फराटा होता, फुल्या पुसलेल्या फडक्याचा लागलेला. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"खडू हाय."

ती उठली. तिनं पहिलं कास्टिंग, दोघांनीही पास केलेलं, उचललं. कनवटीचा खडू काढून त्यावर फुली मारली आणि कॅमेऱ्याखाली ठेवलं. लाल दिवा. पदरानं फुली पुसली. हिरवा. परत फुली. लाल.

इम्रान डोक्याला हात लावून खालीच बसला. "या अल्ला! फोटो अक्काच्या टेबलापुढनंच काढले होते. फुल्या मारलेल्या मालाचे!"

"ह्ये माल बगतच न्हाई," अक्का म्हणाली. "ह्ये माझी फुली बगतंय."

मग तिनं पिशवीतून जेवणाचा डबा काढला, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, आणि कॅमेऱ्याखाली ठेवला. आम्ही सगळे दिव्याकडे बघत राहिलो.

हिरवा.

"बगा सायेब," अक्का म्हणाली. "डबा पास झाला. अन् मी नापास?"

आपटे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 'आदर्श उत्तर: यंत्राचा निकाल' या ओळीवर सरळ रेघ मारली, वर लिहिलं, 'फोडून पाहिले', आणि सातच्या जागी दहा करून खाली सही केली. देसाई सरांनी चष्मा काढून पुसला. माझे तर डोळे कधीच भरले होते, लपवायचं कशाला!

जाधव त्या यंत्राकडे बघत उभे होते. एवढा खर्च केलेला, बिचारे. शेवटी कुणाला तरी विचारायचं म्हणून अक्कालाच विचारलं, "अक्का, मग आता ह्याचं काय करायचं?"

अक्कानं डबा पिशवीत टाकला, हातोडी टेबलावर जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. शिकंल. लेव्हल एकपासनं बसवा त्येला, माझ्या हाताखाली. पर पयल्या दिवशीच सांगा, दुसऱ्याच्या पेपरात बगून लिवायचं न्हाई!"